पदरमोडीचीं पुस्तकें आणि त्यांचें घर

पुस्तक छापून, बांधून, त्याचे गठ्ठे लेखकाच्या घरीं येऊन पडले म्हणजे तें प्रसिद्ध झालें, असें आपण समजतों. पदरमोड करून ज्यानें एखादें पुस्तक काढलें आहे तो मात्र निराळें सांगेल. छापखान्याचें बिल चुकतें होतें आणि गठ्ठे माळ्यावर चढतात. कांहीं प्रती ‘सप्रेम भेट’ म्हणून जातात, कांहीं अभिप्रायासाठीं रवाना होतात, आणि उरलेल्यांची वाटणी वाळवी व रद्दीवाला आपसांत करून घेतात. मोठ्या प्रकाशकाचें नांव नाहीं म्हणून वितरक तें पुस्तक घेत नाहीं. वितरकाच्या यादींत नाहीं म्हणून वाचनालय तें विकत घेत नाहीं. आणि वाचनालयाच्या कपाटांत नाहीं म्हणून असें कांहीं पुस्तक आहे याचा वाचकाला पत्ताच लागत नाहीं. ही झाली कोणत्याही विषयावरच्या पुस्तकाची कथा. मग ज्या पुस्तकाचें नांव उच्चारण्याचीच वाचकाला भीति वाटते, त्याची अवस्था काय होत असेल? समलिंगी व तृतीयपंथी लोकांनीं स्वतःविषयीं स्वतःच लिहिलेल्या, बहुधा स्वतःच छापलेल्या पुस्तकांचा, आणि तीं सांभाळणाऱ्या ग्रंथालयांचा थोडासा इतिहास या दृष्टीनें वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

हा विषय मला ग्रंथ वाचून सुचला नाहीं. मुंबईहून येतांना नेरळ मागें पडलें कीं आमचें भिवपुरी रोड स्टेशन लागतें, आणि त्यापुढें कर्जत. या बाजूच्या एका लहानशा वाचनालयाच्या कार्यकारी समितींत मी कांहीं वर्षें आहें. २०१७ सालच्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं मी तेथें मासिकें चाळीत बसलों होतों. अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा छत्री निथळत आंत आला आणि खालच्या आवाजांत म्हणाला, “काका, ‘पार्टनर’ आहे का?” आमचे ग्रंथपाल मोठे उत्साही. ते म्हणाले, “आहे कीं! वपुंची ना?” मुलगा जरासा घुटमळला. “नाहीं… दुसऱ्या कुणाची आहे का?” “दुसरी कसली? ‘पार्टनर’ म्हणजे वपुंचीच.” “मग तीच द्या,” असें म्हणून त्यानें व. पु. काळे यांची ती लोकप्रिय कादंबरी आपल्या नांवावर लिहून घेतली व तो निघून गेला.

दुसरी ‘पार्टनर’ आहे. पुण्याचे बिंदुमाधव खिरे यांनीं ती लिहिली असून २००५ सालीं त्यांच्याच समपथिक ट्रस्टतर्फे ती प्रसिद्ध झाली. समलिंगी तरुणाच्या मनाची घालमेल हा तिचा विषय. हें मला ठाऊक होतें. इतकेंच नव्हे, तिची एक प्रत माझ्या घरीं, कपाटाच्या मागल्या ओळींत होती. लोकलमध्यें ती वाचतांना मीं तिला वर्तमानपत्राचें वेष्टन घातलें होतें. मुलगा बाहेर पडेपर्यंत मीं मासिकांतून डोकें वर काढलें नाहीं. समितीचे सभासद काय म्हणतील, मुलाचे वडील काय म्हणतील, आणि प्राध्यापकांजवळ असलें पुस्तक कसें, असा प्रश्न कोणी केला तर काय सांगावें, असे अनेक विचार एका क्षणांत मनांत येऊन गेले. पुस्तक मुदतींत परत आलें. मुलानें पुन्हां कधीं तो प्रश्न विचारला नाहीं.

इतिहास शिकविणाऱ्या माणसाला स्वतःच्या भित्रेपणाचें समर्थन इतिहासांत शोधण्याची खोड असते. मीं तें शोधूं लागलों. मिळालें मात्र उलटेंच.

आरंभ थोडा मागून करतों. १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचें ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यांत छापलें गेलें. जोतीराव फुल्यांनीं त्याची दखल घेतली, परंतु बाकी समाजानें त्याची संभावना अशी केली कीं त्या बाईंचें दुसरें पुस्तक आलें नाहीं. पुढें तें पुस्तक विस्मृतींत गेलें. डॉ. स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं तें पुन्हां उजेडांत आणलें तेव्हां त्र्याण्णव वर्षें लोटलीं होतीं. आज स्त्रियांच्या प्रश्नावर मराठींत कोणी लिहूं लागलें कीं पहिलें नांव ताराबाईंचें घेतो. पण मधल्या तीन पिढ्यांतल्या स्त्रियांना त्या पुस्तकाचा उपयोग झाला नाहीं, कारण तें त्यांच्या हातीं पडेल असें कोठें ठेवलेलेंच नव्हतें. योगायोग असा कीं, दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८८३ सालीं, जॉन ॲडिंग्टन सिमंड्स या इंग्रज साहित्यिकानें प्राचीन ग्रीकांमधील पुरुषप्रेमावरचा आपला निबंध छापून घेतला, तो अवघ्या दहा प्रतींचा. विद्वत्तेंत कमतरता होती म्हणून नव्हे. अकरावी प्रत कोणाच्या हातांत पडेल या धास्तीनें. बुलढाण्याच्या बाईंना वाचक नाकारला गेला, आणि सिमंड्सनें तो स्वतःच नाकारला. परिणाम एकच.

आतां आपल्याकडचें सर्वांत ठळक उदाहरण. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ सालीं त्यांनीं संततिनियमनाचें केंद्र उघडलें. हें कार्य व नोकरी यांतून एक निवडण्याची पाळी आली तेव्हां १९२५ सालीं त्यांनीं नोकरी सोडली, आणि जुलै १९२७ मध्यें ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें. संपादक तेच, प्रकाशक तेच, आणि तोटा सोसणारेही तेच. पत्नी मालतीबाई यांची साथ सोडली तर दुसरें भांडवल त्यांच्यापाशीं नव्हतें. १९३१ सालीं अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ सालच्या दुसऱ्या खटल्याची हकीकत आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची आहे. हा खटला कोणत्याही लेखावरून उभा राहिला नव्हता, तर वाचकांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांवरून उभा राहिला होता. आणि त्या पत्रांत हस्तमैथुनाबरोबर समलिंगी संबंधांविषयींही पृच्छा होती. कर्व्यांच्या बाजूनें उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निकाल विरुद्ध गेला व दोनशें रुपये दंड झाला.

या खटल्याकडे आपण बहुधा कर्व्यांच्या धैर्याचा किंवा बाबासाहेबांच्या उदारमतित्वाचा पुरावा म्हणून पाहतों, आणि तें योग्यच आहे. पण मला आतां त्यांत तिसरी व्यक्ति दिसते: पत्र लिहिणारा तो निनांवी वाचक. आपल्या मनांतलें जें घरच्या वडीलधाऱ्यांना, वैद्याला किंवा मित्राला विचारतां येत नव्हतें, तें त्यानें एका मासिकाला विचारलें. या मासिकाला मोठी संस्था नव्हती, जाहिरातदार नव्हते, म्हणूनच त्याला उत्तर देतां आलें. पदरमोडीच्या प्रकाशनाचा हा पहिला गुण होय. ज्याला गमावण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं तोच कित्येकदां पहिलें खरें उत्तर देतो. दोषही तेथेंच आहे. ऑक्टोबर १९५३ मध्यें कर्वे वारले आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर मासिक बंद पडलें. एका माणसाच्या खांद्यावर चालणारें कार्य त्या माणसाबरोबर संपतें. मागें राहतात ते अंक, आणि तेही कोणी जपले तरच.

कोणी जपले तरच, असें म्हणण्याला त्याच काळांतलें दुसरें उदाहरण कारण आहे. बर्लिनमध्यें डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनीं १९१९ सालीं लैंगिक विज्ञानाची एक संस्था काढली होती. समलिंगी व तृतीयपंथी लोकांना तेथें सल्ला मिळे, आणि संस्थेच्या ग्रंथालयांत या विषयाचे हजारों ग्रंथ, छायाचित्रें व कागदपत्रें जमविलेलीं होतीं. १९३१ सालीं, ज्या वर्षीं कर्व्यांना पहिला दंड झाला त्याच वर्षीं, हे डॉक्टर जगप्रवास करीत हिंदुस्थानांतही येऊन गेले. ते मायदेशीं परतूं शकले नाहींत. ६ मे १९३३ रोजीं नाझी विद्यार्थ्यांनीं त्यांची संस्था लुटली आणि १० मेच्या रात्रीं तीं पुस्तकें बर्लिनच्या चौकांत इतर ग्रंथांबरोबर जाळलीं. लेखकांच्या आधीं ग्रंथालय जाळावें हें त्या विद्यार्थ्यांना सुचलें, यावरून ग्रंथालयाचें सामर्थ्य त्यांना आपल्यापेक्षां नीट कळलें होतें असें म्हणावें लागतें.

स्वातंत्र्यानंतरचीं पुष्कळ वर्षें आपल्याकडे मौनांत गेलीं. १८६० च्या दंडविधानांतील ३७७ वें कलम जागेवर होतें, आणि समाजाचा अलिखित दंड त्याहून कडक होता. विजय तेंडुलकरांनीं ‘मित्राची गोष्ट’ हें नाटक १९८१ सालीं रंगभूमीवर आणलें, पण तो अपवाद. या लोकांनीं स्वतःच लिहूं-छापूं लागावें याला १९९० साल उजाडलें. त्या वर्षीं पत्रकार अशोक राव कवी यांनीं मुंबईंत ‘बॉम्बे दोस्त’ हें नियतकालिक सुरू केलें. चार वर्षांनीं त्यांच्याच पुढाकारानें हमसफर ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. नियतकालिक २००२ सालीं थांबलें व २००९ सालीं पुन्हां निघालें. १९९५ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या ‘स्त्री संगम’ या गटानें, ज्याचें नांव पुढें ‘लेबिया’ झालें, १९९८ पासून ‘स्क्रिप्ट्स’ नांवाचें आपलें छोटें प्रकाशन काढलें. हीं दोन्ही मुख्यतः इंग्रजींत. ज्याला इंग्रजी येत नाहीं त्याला आपल्या मनाची भाषाही येऊं नये, अशी ही स्थिति होती.

ती पालटण्याचें श्रेय ज्यांना आहे त्यांत खिरे अग्रभागीं आहेत. अमेरिकेंत संगणक व्यवसायांत काम करून ते परतले आणि २००२ सालीं पुण्यांत त्यांनीं समपथिक ट्रस्ट स्थापन केला. ‘पार्टनर’ नंतर ‘इंद्रधनु’, ‘मनाचिये गुंती’ इत्यादि पुस्तकें त्यांच्याकडून आलीं. यांतलें ‘मनाचिये गुंती’ मला विशेष मोलाचें वाटतें. ज्ञानदेवांच्या अभंगाची आठवण देणारें हें नांव ज्या संग्रहाला दिलें आहे, त्यांत अशा मुलामुलींच्या आईवडिलांचीं मनोगतें आहेत. म्हणजे तें आपल्यासारख्या कुटुंबांसाठींच आहे. मोठ्या प्रकाशकाची वाट पाहिली असती तर हें साहित्य मराठींत केव्हां आलें असतें, सांगवत नाहीं. मोठे प्रकाशकही पुढें आले, हें नमूद केलें पाहिजे. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ सालीं मौजेनें काढली, आणि लक्ष्मी त्रिपाठी यांचें ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हें आत्मकथन २०१२ सालीं मनोविकास प्रकाशनाकडून आलें. आधीं पदरमोडीच्या पुस्तकांनीं वाट तुडविली, मग त्या वाटेवरून गाडी गेली.

हीं पुस्तकें वाचकापर्यंत कशीं पोचावींत, हा प्रश्न उरलाच. १९५४ च्या कायद्यानें प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील एकेका ग्रंथालयालाही पाठवावयाची असते. तेथें पुस्तक जगतें खरें, पण भिवपुरीच्या मुलाला कोलकात्याची प्रत काय कामाची? दुकानाचा मार्ग म्हणावा तर २०१० सालीं शोभना कुमार यांनीं मुंबईंत ‘क्विअर इंक’ हें खास या विषयाच्या पुस्तकांचें संगणकीय दुकान काढलें, आणि १९९० पूर्वीं ज्याची कल्पनाही करतां आली नसती तो सोयीचा रस्ता उघडला. तथापि विकत घेतलेलें पुस्तक ठेवावयाचें कोठें? दोन खोल्यांच्या घरांत, जेथें आई रोज गादी उचलते, तेथें उशीखालचें पुस्तक किती दिवस लपणार? मोबाइलवर वाचावें तर मोबाइल घरांत सर्वांच्या हातचा. शिवाय संकेतस्थळाचें शुल्क भरणारा थांबला कीं तें साहित्यही नाहींसें होतें. कर्व्यांच्या मासिकाला लागलेला नियम त्यालाही लागू आहे.

म्हणूनच या लोकांनीं ठिकठिकाणीं स्वतःचीं ग्रंथालयें उभारलीं. १९७४ सालीं न्यूयॉर्कमध्यें कांहीं स्त्रियांनीं समलिंगी स्त्रियांच्या कागदपत्रांचा संग्रह सुरू केला. पहिलीं कित्येक वर्षें तो जोन नेसल या बाईंच्या राहत्या घरांत होता. १९९३ मध्यें तो ब्रुकलिनमधल्या स्वतःच्या वास्तूंत गेला. नामवंतांच्या हस्तलिखितांबरोबर अगदी सामान्य स्त्रीची रोजनिशी व पत्रेंही तेथें जपलीं जातात, आणि वाचण्यासाठीं पदवी दाखवावी लागत नाहीं. आपल्या देशांत कोलकात्याच्या ‘सॅफो फॉर इक्वालिटी’ या संस्थेनें ‘चेतना’ नांवाचें संदर्भकेंद्र चालविलें, आणि ‘स्वकंठे’ हें आपलें नियतकालिक कोलकात्याच्या पुस्तकमेळ्यांत उघड मांडून विकलें.

अशा ग्रंथालयाचें काम नेहमींच्या वाचनालयापेक्षां तीन बाबतींत निराळें असतें. पहिलें, पुस्तक घरीं नेण्याची सक्ति नसते. तेथेंच बसून वाचतां येतें, आणि ज्याला घरीं एकांत नाहीं त्याला ही सोय देवघेवीहून मोठी. दुसरें, कोणी काय वाचलें याची नोंद ही तेथें विश्वासाची बाब असते. आपल्या वाचनालयाच्या वहींत नांव, पुस्तक व तारीख शेजारीं शेजारीं असतात आणि वही टेबलावर उघडी असते, याचा आपण कधीं विचार केला आहे काय? तिसरें, खपाकडे न पाहतां संग्रह होतो. चार पानी पत्रक, झेरॉक्स केलेला कवितासंग्रह, बंद पडलेल्या मासिकाचे सुटे अंक, हें सारें तेथें येतें.

यांतलें कांहीं साहित्य सामान्य दर्जाचें असतें, हें मान्य केलें पाहिजे. संपादकाचा हात न फिरल्यामुळें पाल्हाळ असतो, मुद्रणदोष असतात, कधीं व्यथाच कलेची जागा घेऊन बसते. परीक्षक म्हणून मला तें खटकतें. परंतु इतिहासकाराला निवडीचा अधिकार त्या क्षणीं नसतो. ताराबाईंची भाषाही त्यांच्या काळच्या सुशिक्षितांना ओबडधोबड वाटली असेल. कोणतें टिकाऊ आणि कोणतें टाकाऊ हें पुढच्या पिढीनें ठरवावें. त्यासाठीं तें तिच्यापर्यंत पोचलें तर पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वेगळें ग्रंथालय कशाला? हे लोक आपल्यांतलेच ना, मग त्यांचीं पुस्तकें वेगळ्या घरांत कां? मीही असेंच म्हणत असें. आमच्या याच रेल्वेमार्गावरच्या ठाणें शहरानें मला उत्तर दिलें. पुण्याची नेटिव्ह लायब्ररी १८४८ ची. पुढें अशीं ग्रंथालयें गांवोगांव निघालीं, परंतु त्यांत मान होता इंग्रजी ग्रंथांना. मराठी पुस्तकें तेथें परक्यासारखीं कोपऱ्यांत. म्हणून १८९३ सालीं विनायक लक्ष्मण भावे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ठाण्यास केवळ मराठी ग्रंथांसाठीं ‘मराठी ग्रंथसंग्रहालय’ काढलें, आणि १८९८ सालीं मुंबईंत तसेंच दुसरें निघालें. मराठीच्याच मुलुखांत मराठी पुस्तकांना वेगळें घर बांधावें लागलें! तें फुटीरपणानें बांधलें असें आज कोणी म्हणत नाहीं. सामाईक घरांत जागा नव्हती म्हणून बांधलें. आणि तें बांधलें म्हणूनच पुढें सामाईक घरांतही मराठीला जागा मिळाली. तेव्हां वेगळें ग्रंथालय कां, हा प्रश्न त्या लोकांना विचारण्यापूर्वीं आपल्या कपाटांत जागा कां नव्हती, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा हें बरें.

६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना ३७७ कलमाच्या कक्षेंतून वगळलें, आणि २०२४ च्या जुलैपासून तें दंडविधानच इतिहासजमा झालें. आतां कायद्याची सबब उरली नाहीं. १९६७ च्या कायद्याखालीं शासनाचें अनुदान घेणारीं वाचनालयें महाराष्ट्रांत खेडोपाडीं आहेत, आणि त्यांच्या खरेदीच्या याद्या आपल्यासारखेच समितीचे सभासद मंजूर करतात. न्यायालय शिक्षा रद्द करूं शकतें. कपाटांत पुस्तक ठेवणें न्यायालयाचें काम नव्हे.

कर्वेही प्राध्यापक होते. त्यांनीं एका वाचकाच्या पत्रासाठीं खटला अंगावर घेतला. माझ्याकडे कोणी नोकरी मागितली नव्हती, दंडही नव्हता. “दुसरी ‘पार्टनर’ आहे, उद्यां आणून देतों” एवढें एक वाक्य बोलावयाचें होतें, तें मला बोलवलें नाहीं. हा लेख लिहितांना कपाटाच्या मागल्या ओळींतून तें पुस्तक काढलें. वर्तमानपत्राचें वेष्टन पिवळें पडलें होतें; तें काढून टाकलें. समितीच्या येत्या सभेंत ‘मनाचिये गुंती’ व इतर कांहीं पुस्तकांबरोबर तें वाचनालयाला भेट म्हणून ठेवणार आहें, आणि नोंदवही टेबलावरून उचलून खणांत ठेवावी असाही एक ठराव मांडणार आहें. विरोध होईल, कदाचित् होणारही नाहीं, आणि आपण उगाच इतकीं वर्षें भीत होतों असें दिसून येईल. तो मुलगा आतां सव्विसाच्या घरांत असेल. तो परत येईलच असें नाहीं. पण छत्री निथळत येणारा दुसरा कोणी येईल, आणि त्यानें विचारलें तर ग्रंथपालांना म्हणतां यावें, “दोन आहेत. कोणती देऊं?”